बसून राहण्याचे दुखणे



पक्षाघात, अर्धांगवायू ही नावे पुस्तकांतली. आपल्या खेड्यापाड्यांत म्हणतात, "अंगावरून वारं गेलं." वारे यावे आणि निघून जावे, तसा हा झटका थोड्या वेळात येऊन जातो. मागे राहतो तो माणूस. एक हात लुळा, एक पाय जड, तोंड जरासे वाकडे, आणि कधी बोलताना शब्द सापडेनासा झालेला. आज मला बोलावयाचे आहे ते या झटक्याविषयी नव्हे. इस्पितळातून गाडी दाराशी येते, चार माणसे मिळून रुग्णाला उतरवतात, पडवीतल्या खाटेवर बसवतात, आणि तेथून पुढे जे दिवस सुरू होतात त्यांच्याविषयी बोलावयाचे आहे. मी डॉक्टर नाही, महाविद्यालयात शिकविणारा माणूस आहे. औषध सांगण्याचा मला अधिकार नाही आणि मी ते सांगणारही नाही. पण घरातला दिवस कसा जातो, हा प्रश्न औषधाच्या बाटलीत मावणारा नाही.

हे दुखणे शहरातल्या, खाऊनपिऊन सुखी असलेल्या लोकांचे, असा आपल्याकडे एक समज आहे. तो खरा नाही. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ खेड्यांत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने २०११ ते २०१३ या काळात प्रत्येक मृत्यूची चौकशी केली. सर्व मृत्यूंपैकी सुमारे १४ टक्के मृत्यू पक्षाघाताने झालेले आढळले, आणि कोणत्याही एका कारणाने झालेल्या मृत्यूंत हाच आकडा सर्वांत मोठा होता. म्हणजे दर सात मृत्यूंमागे एक. जे यातून वाचतात ते कोठे जातात? घरी. त्यांची पुढची वर्षे आपल्याच पडवीत, ओसरीवर, माजघरात जातात.

वारे म्हणतात खरे, पण यात वाऱ्याचा संबंध नाही. मेंदूला रक्त पुरविणारी एखादी वाहिनी गुठळी अडकून बंद होते किंवा फुटते. त्या भागातला मेंदू निकामी होतो. डाव्या मेंदूला इजा झाली तर उजवे अंग जाते, उजव्याला झाली तर डावे. हातापायांत खोट नसते. त्यांना हुकूम देणारी जागा बिघडलेली असते. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे समजावयास सोपे जाईल.

समजा, एक आबा आहेत. वय साठ-बासष्ट. काल-परवापर्यंत बैल धरीत होते, बाजाराला चालत जात होते. झटक्यातून उठले, इस्पितळात त्यांना धरून चार पावले चालवले, आणि घरी पाठविताना सांगितले, "रोज व्यायाम करा." घरची माणसे जिवाला जीव देणारी. मुलगा सकाळी उठून आबांचा हात वीस वेळा वर-खाली करतो. तेल लावून पाय चोळतो. मग आबा खाटेवर. चहा खाटेवर येतो. सून म्हणते, "मामंजी, तुम्ही उठू नका, मी आणते." नातू चष्मा आणून देतो, नात पाण्याचा तांब्या तोंडाशी धरते. दुपारी दूरदर्शनसंच लावून देतात. संध्याकाळी पारावरची मंडळी भेटायला येतात तीही खाटेभोवतीच बसतात. रात्री नऊला खाटेवरच आडवे व्हायचे. व्यायाम झाला, औषध झाले, सेवा झाली. कोणाची काही कसूर नाही.

आता या दिवसाचा हिशेब मांडून पाहा. शिक्षक मंडळी ऐकत असतील त्यांना ही रीत आवडेल. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत सोळा तास होतात. अर्ध्या अर्ध्या तासाची एक, अशा बत्तीस चौकटी वहीच्या पानावर आखा. ज्या अर्ध्या तासात माणूस एकदाही उभा राहिला नाही त्या चौकटीत 'ब' लिहा, म्हणजे बसून किंवा पडून. ज्यात उठला, उभा राहिला, दोन पावले का होईना चालला, तेथे 'उ' लिहा. घरातल्या सहावी-सातवीतल्या मुलाला हे काम द्या. तो ते चोख करील. आबांच्या दिवसात 'उ' किती निघतील? सकाळचा व्यायाम, संडास, आंघोळ, आणखी एखादी चौकट. बाकी सारे 'ब'. व्यायामाची एक चौकट भरली म्हणून उरलेल्या पंचवीस-सत्तावीस चौकटी पुसल्या जात नाहीत.

हे केवळ आपल्याकडचे नाही. ऑस्ट्रेलियात पक्षाघातानंतर घरी राहणाऱ्या माणसांच्या अंगाला छोटी यंत्रे लावून ते दिवसाकाठी किती वेळ बसतात हे मोजले. २०१६ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ही माणसे दिवसाला सुमारे ११ तास बसून होती. त्याच वयाची निरोगी माणसे ८ तासांच्या थोडी वर. त्यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, चालण्याची शक्ती कमी झाली हे त्या बसण्याचे एक कारण होते, सगळे नव्हे. ज्यांना बऱ्यापैकी चालता येत होते तेही बसत होते. म्हणजे पायांनी बसविलेले काही तास होते, आणि काही तास दुसऱ्याच कशाने तरी बसविलेले होते.

त्या दुसऱ्या कशाला तरी मी आज नाव देणार आहे. पण त्याआधी बसल्याने काय होते ते सांगतो, कारण "बसला बिचारा चार घटका, त्यात काय बिघडलं?" असा प्रश्न मनात आलाच असेल.

१९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे एक प्रयोग झाला. वीस वर्षांचे पाच निरोगी तरुण निवडले आणि त्यांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. तीन आठवड्यांनी तपासले तेव्हा त्यांची श्रम करण्याची ताकद जवळजवळ चौथ्या हिश्श्याने घटली होती. पुढे १९९६ साली, त्यांनी पन्नाशी गाठल्यावर, त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांची जेवढी ताकद घेतली नव्हती, तेवढी त्या तीन आठवड्यांनी घेतली होती! हे विशीतल्या, धडधाकट मुलांचे. साठीतल्या, एक अंग गेलेल्या माणसाचे काय होत असेल?

पायाचे स्नायू हलले की ते शिरांतले रक्त वर ढकलतात. विहिरीवर पंप नसेल तर पाणी चढत नाही, तसेच हे. पाय लोंबकळत राहिला की सुजतो. कधी कधी पायातल्या शिरेत गुठळी धरते, आणि ती पुढे फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. स्नायू काम करतात तेव्हा रक्तातली साखर खर्च होते. ते स्वस्थ राहिले की साखर तेथेच. सांधे आखडतात. कोठा साफ होत नाही. रक्तदाबाचे तर विचारूच नका. ऑस्ट्रेलियातच पक्षाघात झालेल्या काही माणसांना एक दिवस आठ तास सलग बसवले, आणि दुसऱ्या एका दिवशी दर अर्ध्या तासाला उठवून तीन मिनिटे उभ्याउभ्या हलका व्यायाम करावयास लावला. त्या दिवशी त्यांचा वरचा रक्तदाब थोडा कमी राहिला. २०१८ साली हे प्रसिद्ध झाले. फरक लहान होता आणि रक्तातल्या साखरेत तर फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण तीन मिनिटांना पैसा लागत नाही. आणि एक झटका येऊन गेलेल्या माणसाला दुसऱ्याची धास्ती असते ती बहुतांशी रक्तदाबापायीच.

आता त्या नावाकडे येतो. आबांना बसविणारी दुसरी गोष्ट म्हणजे आपली माया. आणि मायेच्या पाठीशी उभे असलेले गाव.

रागावू नका. मायेला मी दोष देत नाही. पण आपल्याकडे सेवेची एक कल्पना ठरून गेलेली आहे. दुखणेकऱ्याला जागचे हलू दिले नाही, हातात सगळे नेऊन दिले, म्हणजे सेवा. "सुनेनं सासऱ्याला तांब्यासुद्धा उचलू दिला नाही" हे गावात कौतुकाने सांगितले जाते. याच्या उलट, एखाद्या घरी अर्धे अंग गेलेला म्हातारा काठी टेकीत कोंबड्यांना दाणे टाकताना दिसला, तर वाटेने जाणारा काय म्हणतो? "बघा, या अवस्थेतही म्हाताऱ्याला कामाला लावलंय." हे वाक्य एकदा कानावर आले की पुढे कोणत्या सुनेची छाती होईल? ती दाण्यांचे सूप त्यांच्या हातातून काढून घेते आणि त्यांना खाटेवर बसविते. म्हणून माझे निम्मे बोलणे घरच्यांसाठी असले तरी निम्मे शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी आहे. त्या घराला नावे ठेवू नका. त्या घरात उपचार चालला आहे.

शिक्षकांना हे अधिक चटकन पटेल. पहिलीतल्या मुलाचा हात धरून आपण पाटीवर 'अ' गिरवून घेतो. दोन दिवस, चार दिवस. पण वर्षभर हातच धरून ठेवला तर ते मूल लिहावयास शिकेल का? मेंदूचे तसेच आहे. एडवर्ड टॉब नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, एखादा अवयव वापरण्याचा प्रयत्न वारंवार फसला की प्राणी तो वापरणेच सोडून देतो. पुढे थोडी शक्ती परत आली तरी न वापरण्याची सवय मात्र जात नाही. अभ्यासाने जसे येते तसे अनभ्यासाने जाते. मुलगा सकाळी आबांचा हात वर-खाली करतो, पाय चोळतो. ते वाईट नाही, त्याने सांधे मोकळे राहतात, माणसाला बरे वाटते. पण चोळण्यात श्रम होतात ते चोळणाऱ्याचे. आबांच्या मेंदूला त्यात हुकूम सोडावा लागत नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर मी जडीबुटी विकणाऱ्यांच्या पंक्तीला जाऊन बसेन. घरच्यांनी मेहनत घेतली की गेलेला हात हमखास परत येतो, असे मी म्हणत नाही. आपल्याच देशात १४ इस्पितळांत १२५० रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्या रुग्णांच्या नातेवाइकांना घरी व्यायाम कसा करून घ्यावा हे शिकविले, निम्म्यांना नेहमीचेच उपचार. २०१७ साली निष्कर्ष आले: सहा महिन्यांनंतर मृत्यू आणि परावलंबन यांत दोन्ही गटांत फरक नव्हता. तेव्हा मोठी आशा लावणे बरे नव्हे. माझे म्हणणे त्याहून लहान आहे. झटक्याने जे नेले ते नेले. पण बसण्याने जे जाते ते झटक्याने नेलेले नाही. ते आपण रोज थोडे थोडे देत असतो, आणि ते देण्याचे थांबविणे आपल्या हातात आहे.

तसेच घाई करण्यातही अर्थ नाही. पाच देशांत झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत, झटक्यानंतर पहिल्या चोवीस तासांतच रुग्णांना लवकर आणि वारंवार उठवून चालविण्याचा प्रयोग केला; २०१५ साली असे दिसून आले की त्यांची स्थिती पुढे काहीशी कमीच सुधारली. म्हणून पहिले दिवस डॉक्टरांच्या हुकमाचे. घरी आल्यावरही किती उठावे, कोणी धरावे, हे त्यांना एकदा विचारूनच ठरवा. उठल्यावर घेरी येते, छातीत दुखते, दम लागतो असे झाले की तेथेच थांबा. आणि विषयांतर होईल, पण सांगितल्यावाचून राहवत नाही: पुन्हा कधी तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोबडी वळली, तर तेल, ताईत, कबुतराचे रक्त यांत क्षणही न घालवता १०८ ला फोन करा. गुठळी विरघळविण्याचे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

मग घरी करावे काय? फार काही नाही. सामानाची मांडणी जरा बदलावी. आपण प्रेमाने सगळे खाटेच्या हाताशी आणून ठेवतो: तांब्या, चष्मा, तंबाखूची डबी (ती तर फेकूनच द्या), मोबाईल, दूरदर्शनसंचाचे बटण. त्यांतल्या दोन गोष्टी चार पावलांवर ठेवा. चार पावलांवर, अंगणाच्या टोकाला नव्हे. पाणी मात्र प्यायचेच राहून जाईल इतके दूर नको. पडवीच्या भिंतीला कमरेइतक्या उंचीवर एक सरळ, गुळगुळीत बांबू आडवा, पक्का बांधून घ्या. त्याला धरून उभे राहता येते, दोन फेऱ्या घालता येतात. खाट फार खाली असेल तर उठताच येत नाही. पायांखाली लाकडी ठोकळे घालून ती गुडघ्याइतकी उंच करा. प्लास्टिकची हलकी खुर्ची सरकते, ती भिंतीला लावून ठेवा. दूरदर्शनसंच पाहावा, जरूर पाहावा, पण जाहिराती लागल्या की उभे राहावे. जाहिरातींचा एवढा चांगला उपयोग दुसरा नसेल.

काम द्यावे ते उठवणारे. ज्वारी निवडणे, शेंगा सोलणे ही कामे मनाला चांगली, हातालाही चांगली. पण ती बसून करायची. पायांना त्यांचा उपयोग नाही. तुळशीला पाणी घालणे, दोरीवरचे कपडे काढणे, शेरडापुढे पाला टाकणे, सांजवात लावणे, कोणी हाक मारली तर दार उघडायला जाणे, ही उठवणारी कामे. वेळ लागेल. पाणी सांडेल. सुनेच्या हाताने एका मिनिटात झाले असते ते काम दहा मिनिटे चालेल, आणि पाहणाऱ्याला ते सोसवत नाही. हीच खरी कठीण गोष्ट आहे. आपले हात मागे बांधून उभे राहावे लागते.

पडण्याची भीती खोटी नाही. पक्षाघात झालेली माणसे पडतात, हाड मोडते. त्यावर उपाय माणसाला बसवून ठेवणे हा नव्हे, वाट मोकळी करणे हा आहे. उंबऱ्याशी, न्हाणीच्या दाराशी धरायला काहीतरी असावे. ओली फरशी लगेच पुसावी. वाटेतले गोणपाट, दोऱ्या, वायरी उचलाव्यात. पायात नुसती सपाता नको, मागे पट्टा असलेली चप्पल हवी. धरणाऱ्याने लुळ्या बाजूला उभे राहावे आणि तो लुळा हात ओढून कधीही उठवू नये, खांदा निखळतो. कमरेला धरावे. जे उभेच राहू शकत नाहीत त्यांना दिवसातून काही वेळा, आधार देऊन, पाय जमिनीला टेकतील असे बसवावे. त्यांच्यासाठी पडण्यापेक्षा बसणे हीच चढती पायरी आहे. आणि दर दोन तासांनी कूस बदलावी, म्हणजे पाठीला जखमा होणार नाहीत.

एखादा माणूस मात्र काही केल्या उठतच नाही. घरचे म्हणतात, "आळसावलेत. हट्टी झालेत." जरा थांबा. मेंदूला इजा झाल्यावर विलक्षण थकवा येतो. तो झोपेने जात नाही आणि बाहेरून दिसतही नाही. शिवाय या दुखण्यातून उठलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश माणसांना खिन्नतेचा आजार जडतो. काल ज्याच्या शब्दावर घर चालत होते त्याला आज सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. त्याचे मन बसले तर नवल काय? टोमणे मारून ते उठत नाही. त्याला उपचार आहेत, तेव्हा डॉक्टरांना हेही सांगा. आणि घरात काही ठरवायचे असेल, बी कोणते घ्यायचे, म्हैस विकायची की ठेवायची, तर ते आबांना विचारून ठरवा. पूर्वी विचारीत होता ना? पाय घरातल्या घरात चालू लागण्याआधी शब्द चालावा लागतो.

राहता राहिली सुगी. वर्षातले हे दिवस सर्वांत अवघड. मुलगा, सून, मोठी नातवंडे सगळी पहाटे रानात जातात, आणि आबा भाकरीच्या दुरडीजवळ एकटे राहतात, दिवस मावळेपर्यंत. एकट्याने उठू नका असे बजावलेले असते, आणि ते बरोबरही आहे. म्हणजे बत्तीसपैकी तीस चौकटी 'ब'. येथे शेजार कामाला येतो. दुपारी बाराला एक आणि तीनला एक, अशा दोन फेऱ्या कोणी मारल्या, पाच मिनिटे धरून उभे केले, अंगणापर्यंत नेऊन आणले, तर दिवसाचे तीन तुकडे होतात. गुरुजींनी मनात आणले तर शाळा सुटल्यावर त्याच आळीतली दोन मोठी मुले घरी जाता जाता आबांबरोबर तुळशीपर्यंत जाऊन येतील. कसे धरावे ते मात्र त्यांना घरच्या मोठ्या माणसाने आधी दाखवून ठेवावे. काठी खाटेखाली सरकवून ठेवू नका. ती चांगल्या हाताच्या बाजूला, भिंतीशी टेकवून, उठताना सहज सापडेल अशी ठेवा.